कारवीच्या कुडातली मोटार

सूर्यमाळकडच्या पाड्यावर हिरीच्या नादाला कुणी लागत नाही. बाई भांडकुदळ नाही हो, पण एकदा मनात घेतलं की देवाचंही ऐकायची नाही. मागल्या साली तिनं मनात घेतलं ते तर ऐकणाऱ्यानं कपाळावर हात मारावा असं. म्हणे, घरात गेमचं मशीन बांधायचं!

कारण तिचा नवरा सोम्या. जव्हार-खोडाळा रस्त्यावर जीप चालवायचा. घाटातली वळणं झोपेतही घेईल असा गडी. शिमग्यानंतर त्याच्या अंगावरून वारं गेलं. पाय सावरला, जीभ सावरली, उजवा हात मात्र मांडीवर पडून राहिला. डॉक्टरांनी रबरी चेंडू दिला. दाबत राहा म्हणाले, हात वापरला नाहीत तर कायमचा असाच राहील. सोम्यानं तो चेंडू कोंबड्यांना फेकून मारला. "मी काय तान्हा हाय?" म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून बसला. मालकानं जीप दुसऱ्याच्या हाती दिली, तेव्हापासून तर रस्त्याकडचं दारही त्याला उघडं चालेना.

हिरीचा जीव तीळ तीळ तुटायचा. पण रडत बसेल ती हिरी कसली! लग्नाआधी ती ठाण्याच्या एका मॉलमध्ये झाडूपोछ्याला होती. तिथं गेमच्या खोलीत चांगले टाय लावलेले बाप्ये दांडी धरून मोटारी पळवायचे, घरदार विसरून. एकदा कारागिरानं मशीन उघडलं तर आत काय? साधा कॉम्प्युटर! बाकी सगळं नुसतं खोकं. ते तिच्या ध्यानात राहिलं होतं.

उठली ती थेट जव्हारला. सोम्याचा भाचा रूपेश तिथं कॉम्प्युटर दुरुस्त करतो.

"मामी, भंगारातला एक चालू करून देतो. गाडीचा गेमही फुकटातला टाकतो. पण दांडी न बटणं मुंबईहून मागवावी लागतील."

"दाराच्या घंटीची बटणं नाय चालायची?"

रूपेशनं डोकं खाजवलं, मग हसला. "चालतील की!"

त्यानं जुना कीबोर्ड फोडून आतल्या पट्टीला तारा जोडल्या, तारांच्या टोकाला घंटीची बटणं. हिरीनं सागाची काठी तासून तिच्या दोन अंगांना दोन बटणं बसवली. काठी कलेल तिकडे गाडी वळायची. खोकं मात्र तिनं आपल्या रीतीनं केलं, घराच्या कुडासारखं, कारवीच्या काठ्या बांधून. वळवायची काठी उजव्या टोकाला, वेगाचं बटण पार डाव्या टोकाला. एक हात दोन्हींना पुरूच नये!

सोम्याच्या ते लगेच लक्षात आलं. "मला फसवतेस?"

"तुला कोण विचारतंय? मी खेळणार हाय."

आणि खेळली. पहिल्याच वळणाला गाडी दरीत, मग झाडावर, मग पुन्हा दरीत. सोंग नव्हतं ते, तिला खरंच येत नव्हतं. सोम्याला बघवेना. "अगं, आधी वेग कमी कर! म्हशी हाकतेस काय?" शेवटी तोच पुढ्यात येऊन बसला. डाव्या हातानं उजवा उचलून काठीवर ठेवला. हात घसरला. शिवी हासडून त्यानं पुन्हा ठेवला. हिरी चुलीपाशी भाकरी थापत कान तिकडे लावून होती.

पण माशी शिंकलीच. हिरी खोडाळ्याच्या बाजाराला गेली असताना तिच्या सासूला, धोंडीबाईला, त्या उघड्या काठ्या बघवेनात. कूड आहे आणि सारवलेला नाही, माणसाचं घर आहे की गोठा? म्हातारीनं शेणमाती कालवून, पडदा न बटणं तेवढी सोडून, खोकं चारी अंगांनी असं सारवलं की मुंगीला वाट राहिली नाही. हिरी आली, गेम लावला. जरा चालला आणि फटकन काळोख. खोक्यातला कॉम्प्युटर हवेवाचून तापून बंद पडत होता.

"माझ्यासारखंच हाय ते," सोम्या म्हणाला. "राहू दे आता." आणि पुन्हा भिंतीकडे वळला.

हिरीनं खुरपं घेतलं.

"माझं काय चुकलं गो?" धोंडीबाई रडवेली झाली.

"तू मायेनंच केलंस, आई. पण त्याला वारा लागतो."

तिनं सगळं सारवण खरवडून काढलं, तळहाताला फोड येईतो. आतल्या पंख्यात गेलेली माती कुंचल्यानं झाडली. मग मशीन लावून स्वतःच खेळत बसली आणि गाडी धडाधड आपटायला लागली. सोम्या किती वेळ भिंत बघणार?

पुढं पावसाळा सरेपर्यंत आळीपाळीनं खेळ चालला. सोम्याचा हात काठीवर नुसता पडलेला असायचा, काठी वळायची ती खांद्याच्या झोकानं. बोटं काही मिटेनात. हिरी मनातून धास्तावली होती, तरी रोज मशीन लावून द्यायची.

एका संध्याकाळी तिचा डाव अचानक रंगला. गाडी वळणामागून वळण घेत सुटली. सोम्या तिच्या डाव्या अंगाला ताटकळत बसलेला.

"सरक, माझी पाळी."

"थांब रं जरा."

"सरक म्हणतो ना!" आणि त्यानं तिला ढकललं.

हिरी कलंडली, गाडी दरीत गेली. ती चिडून वळली, तर तिच्या दंडावर त्याचा उजवा हात होता. बोटं पोलक्यात घट्ट रुतलेली. त्याचं तिकडे ध्यानच नव्हतं, डोळे पडद्यावर. हिरीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

"रडतेस काय? लागलं का?"

"लागलं," हिरी म्हणाली. "अजून एकदा ढकल."