पायाला गाणं जुळवणाऱ्या बाई

काउंटरवर कापडी पिशवी ठेवून त्यांनी आतून शिवणकामाची टेप काढली आणि समोरचा डीजे मिक्सर मोजायला घेतला. लांबी, रुंदी, उंची. आकडे वहीत उतरवून झाल्यावर माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मला माझ्या मापाचा द्या."

नारायण पेठेतल्या आमच्या दुकानात स्पीकर, माइक, मिक्सर असा सगळा आवाजाचा माल मिळतो. मी तिथे विक्रीला असतो. मूळचा वाशीमकडचा, पण पुण्याच्या काउंटरमागे उभं राहून जीभ इथली झाली आहे. साठी उलटलेली बाई डीजे मिक्सर मोजते आहे म्हटल्यावर मी विचारलं, "नातवासाठी का, काकू?"

"नातू नाही मला. आणि काकू नका म्हणू, तुमच्या काकांना मी ओळखत नाही. बाई म्हणा. तीस वर्षं शाळेत शिवण शिकवलंय."

अशा बाई तुम्हीही पाहिल्या असतील. शनिवार पेठेत दर दोन घरांआड एक सापडते. कडक इस्त्रीची सुती साडी, पदराला पिन, आणि समोरच्याचं वाक्य पूर्ण व्हायच्या आत त्यातली चूक काढायची सवय.

आता आमच्या धंद्यात मिक्सर निवडून देणं तसं अवघड नाही. खालच्या फळीवर शिकाऊंचे, मधल्या फळीवर थोडा हात बसलेल्यांचे, वरच्या फळीवर लग्नं आणि मोठे कार्यक्रम वाजवणाऱ्यांचे. गिऱ्हाइकाला "याआधी काय वाजवलंय?" एवढं विचारलं की माझा हात आपोआप त्या त्या फळीकडे जातो.

बाई म्हणाल्या, "शाळेची घंटा."

माझा हात खाली गेला.

मी त्यांना सगळं दाखवलं. दोन बाजूंना दोन चकत्या, म्हणजे दोन गाणी. मधे आडवी पट्टी, ती सरकवली की एका गाण्यातून दुसऱ्यात जाता येतं. कडेच्या उभ्या पट्टीनं गाण्याचा वेग कमी-जास्त होतो. आणि सगळ्यात सोपं म्हणजे सिंकचं बटण. "हे दाबलं की दोन्ही गाण्यांचा ठेका आपोआप जुळतो, बाई. तुम्हाला काहीच करावं लागत नाही."

"काहीच करायचं नसेल तर मी कशाला लागते?" असं म्हणून त्या तो मिक्सर घेऊन गेल्या.

आठ दिवसांनी खोक्यासकट परत हजर. "हा मापाचा नाही."

माझ्या डोक्यामागे मालकांनी स्वतः रंगवलेली पाटी होती : विकलेला माल परत घेतला जाणार नाही, वाद घालू नये. बाईंनी ती शांतपणे वाचली. "वाद घालत नाही. सांगते आहे," म्हणाल्या. आणि मग त्यांनी जे सांगितलं, ते मी पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं.

त्यांच्या यजमानांना कंपवात होता. चालता चालता पाय जमिनीला चिकटून बसत. डॉक्टर म्हणाले होते, कानावर ठेका पडला तर पाय उचलतील. आणि खरंच उचलायचे. बाईंनी आधी टाळ्या वाजवून पाहिल्या, मग मोबाइलवर गाणी लावली. पण गाणं संपलं की पाय थांबायचे. एकदा तर मधेच जाहिरात लागली आणि ते एक पाय पुढे टाकलेल्या अवस्थेत, कपाट धरून, साबणाचं कौतुक ऐकत उभे राहिले. पलंगापासून गॅलरीपर्यंत चौदा पावलं आणि नवव्या पावलाला उंबरठा. दिवाळीपासून तो काही ओलांडला गेला नव्हता. रोज सकाळी गॅलरीत बसून रस्त्यावरच्या माणसांना नावं ठेवण्यात ज्याचा जन्म गेला, तो माणूस चार महिने भिंतीकडे बघत होता.

"तुमचं बटण गाण्याला गाणं जुळवतं," बाई म्हणाल्या. "मला गाणं पायाला जुळवायचंय. आणि पाय सकाळी वेगळे असतात, दुपारी वेगळे."

मला लाज वाटली. गिऱ्हाइकाला काय येतं ते मी विचारलं होतं, त्याला कशासाठी हवं आहे ते नाही.

बाईंनी टेप काढून खोक्यातल्या मिक्सरची वेगाची पट्टी मोजली. दीड इंच. मग स्टुलावर चढून वरच्या फळीवरच्या मिक्सरची मोजली. चार इंच. "दीड इंचात बोट जरा हललं की गाणं पळत सुटतं. चार इंचांत मला थोडं थोडं सरकवता येईल. हा द्या."

आता मालक उठले. "वरच्या फळीवरचा माल आम्ही शिकाऊ माणसाला देत नाही."

"शिकाऊ मी आहे," बाई म्हणाल्या, "पण पडणार ते आहेत."

मालकांनी मिक्सर खाली काढला आणि बाईंना "बसा" म्हणाले. या दुकानात गिऱ्हाइकाला कुणी बसा म्हटलेलं मी तोवर ऐकलं नव्हतं.

त्यानंतर महिनाभर बाई रोज चार वाजता यायच्या. शेजारीण यजमानांपाशी बसायची तेवढा एक तास. सरावाला पाय हवे होते, ते माझे घेतले. मी स्पीकरांच्या दोन रांगांमधून लहान लहान पावलं टाकत, मधेच अडत चालायचं आणि बाईंनी माझे पाय बघत पट्टी सरकवायची. "खोटं अडू नका हो, खरं अडा," असं त्या ओरडायच्या. मालक एकदा म्हणाले, "तुला विकायला ठेवलाय की चालायला?" सुरुवातीला बाईंच्या गाण्यांची पार दैना व्हायची. गाणं अडखळलं की त्या तेवढा भाग उसवल्यासारखा मागे न्यायच्या आणि पहिल्यापासून धरायच्या. एकदाही "जमत नाही" म्हणाल्या नाहीत. मीच दमून खुर्ची शोधायचो.

आता ती दोघं लेकीकडे नाशिकला असतात. मिक्सरही बरोबर गेला. पण बाई म्हटलं की मला आठवते ती त्यांच्या घरची सकाळ. स्पीकरची वायर लांबवायला गेलो होतो, तेव्हा त्यांनी मला दाराशीच उभं केलं होतं.

ढोलकीचं गाणं चालू होतं. बाईंचे यजमान, म्हणजे काका, पलंगावरून उठले, म्हणाले, "आज गाडी हळू सोडली आहेस," आणि निघाले. आठ पावलं नीट पडली. नवव्याला अडले. गुडघे थरथरायला लागले आणि नेमकं गाणंही संपत आलं होतं. बाईंची नजर त्यांच्या पायांवरून हलली नाही. एका बोटानं त्यांनी वेग किंचित उतरवला, दुसऱ्या हातानं पुढचं गाणं खालून हळूच वर आणलं. ठेका तुटला नाही. काकांचा उजवा पाय उचलला गेला आणि उंबरठ्यापलीकडे पडला. मग डावा. गॅलरीतल्या उन्हात ते खुर्चीची पाठ धरून उभे राहिले.

टाळ्या वाजवायला मी हात वर केले, तर बाईंनी मान न वळवता मला थांबवलं.

"टाळ्या नकोत, ठेका मोडेल," त्या म्हणाल्या आणि तिसरं गाणं तयार करायला घेतलं. "त्यांना परत यायचंय अजून."