कुठे उतरणार?

माझी मावशी शर्टांच्या कारखान्यात कॉलर शिवायची आणि जाता-येता रेल्वेच्या डब्यात उभी असायची. जागा मिळवायची तिथली एकच रीत होती. बसलेल्या बाईला विचारायचं, "कुठे उतरणार?" तिने सांगितलं की ती उठल्यावर जागा आपली. पण मावशीच्या आधी कुणीतरी विचारून ठेवलेलंच असायचं.

गर्दीच्या तक्रारी वाढल्या तेव्हा रेल्वेवाल्यांनी काय दिवे लावले? निम्मी बाकं उखडली, म्हणजे उभी माणसं जास्त मावतील, आणि डब्यात पाटी लावली, 'आपल्या सोयीसाठी'. डोंबलाची सोय! "अगं, भांड की कुणाशी तरी," मी चिडायचो. ती म्हणायची, "भांडायला हात तरी हलवता यायला हवा ना?"

शेवटी एकदा ती उभ्या उभ्याच बेशुद्ध झाली. पडायलाही जागा नव्हती, त्यामुळे गर्दी उतरल्यावरच लोकांना कळलं. इस्पितळात खाट रिकामी नव्हती, म्हणून तिला दोन खाटांच्या मध्ये जमिनीवर झोपवलं.

संध्याकाळी तिने डोळे उघडले. शेजारच्या खाटेवर एक म्हातारी होती. ग्लानीतच मावशीने तिला सवयीनं विचारलं, "कुठे उतरणार?"

मी ओशाळलो. म्हातारीही जन्मभर त्याच गाडीनं गेलेली असावी. मान वळवून ती म्हणाली, "पुढच्याच स्टेशनला. जागा तुमचीच."

सकाळी मावशीला खाट मिळाली.