आमच्या वाडीतले 'हार्डली एनी' पुरुष

मंडळी, मी रत्नागिरीत बायकांसाठी इंग्रजी बोलण्याचा वर्ग घेते. आज दुपारी 'हार्डली एनी' शिकवलं. फळ्यावर अर्थ लिहिला : जवळजवळ नाहीच, असून नसल्यासारखं. म्हटलं, आता आपापल्या घरातलं वाक्य सांगा.

मिरकरवाडा बंदरावरच्या नसीमने पटकन सांगितलं, "हार्डली एनी फिश टुडे." सगळ्या हसलो.

मग संगीता उठली. ही लांबच्या गावातून एसटीने येते, नवरा मुंबईला कामाला. म्हणाली, "हार्डली एनी मेन इन अवर वाडी."

नसीम म्हणाली, "अगो, सगळे मुंबईलाच ना? मग सरळ 'नो मेन' म्हण की!"

"नाय कसे?" संगीता एकदम तापली. "आमचे सासरे हायत! डोळ्यांनी दिसत नाय त्यांना. पण अंगणात कोण अनोळखी आला, तर पडवीतून पयले तेच खाकरतात. तो आवाज आयकला की येणारा हाय तिथंच थांबतो."

नसीमने हळूच तिचा हात धरला.

मी फळ्यावरचं 'असून नसल्यासारखं' पुसून टाकलं.

तुमच्या पडवीत कोण खाकरतं हो?