रुईची माळ आणि माझा उजवा खांदा

गेल्या साली पावसाळा सरल्यापासून मी मारुतीरायावर रुसून होतो. देवळात जाणं सोडलं नव्हतं, एक शनिवार चुकवला नव्हता, पण नमस्कार करताना त्याच्या तोंडाकडे बघत नव्हतो. तेल घालायचं, पायांकडे बघत हात जोडायचे आणि निघायचं. मनात एकच धुमसत होतं. तुझ्यापुढं जन्मभर जोर काढले, बैठका काढल्या, दारूला शिवलो नाही, तंबाखूला शिवलो नाही, आणि म्हातारपणी तू धरलास कुठं, तर माझा उजवा खांदा?

मी शिकलेला नाही. तिसरीत शाळा सुटली. सातारा सोडून पोटासाठी इकडं आलो आणि वाशीच्या एपीएमसी मार्केटात कांद्या-बटाट्याची पोती पाठीवर वाहण्यात सगळी उमेद गेली. आता रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, पण अंग राखून होतो. कोपरखैरण्यात आमच्या टोळीतल्या हमालांनी मिळून मारुतीचं देऊळ बांधलं आहे. त्याच्या मागं पत्र्याची व्यायामशाळा आहे. रोज सकाळी पाचला तिथं जायचं, मुद्गल फिरवायचे, वजनं उचलायची, घामानं निथळत घरी यायचं. माझ्या वयाची माणसं सोसायटीच्या बाकड्यावर बसून गुडघे चोळतात, त्यांच्यासमोरून मी मुद्दाम छाती काढून चालायचो. खोटं कशाला बोलू?

आमच्या देवळाची एक रीत आहे. मूर्ती उभी आहे, चांगली उंच. हनुमान जयंतीला सूर्य उगवताना तिला रुईच्या पानांची माळ घालतात. शिडी नाही, स्टूल नाही. टोळीतला वयानं सगळ्यात थोरला आणि अजून व्यायाम न सोडलेला माणूस जमिनीवर उभा राहून, दोन्ही हात पुरते ताणून, मुकुटावरून ती माळ उतरवतो. नऊ वर्षं तो मान माझ्याकडं होता. आमदार येवो नाही तर नगरसेवक, माळ मीच घालायची. त्या एका सकाळसाठी मी बाकीचं वर्ष व्यायाम करायचो म्हटलं तरी चालेल.

खांदा गेला तो माझ्याच घमेंडीपायी. पावसाळ्यात एका सकाळी माझा जुना जोडीदार दगडू व्यायामशाळेत आला होता. माझ्याहून दोन वर्षांनी लहान, पण पोट सुटलेलं. कोपऱ्यात मोठा मुद्गल होता, तो कुणी सहसा उचलत नाही. दगडू म्हणाला, "ह्यो आता तुझ्यानं हलायचा न्हाई." झालं. मी तो उचलला, डोक्यामागून एकदा फिरवला, दोनदा फिरवला, तिसऱ्यांदा खांद्यात कट्ट वाजलं. डोळ्यांपुढं अंधारी आली, पण मुद्गल मी नीट जागेवर ठेवला आणि दगडूकडं बघून हसलो सुद्धा.

घरी कुणाला सांगितलं नाही. दुखऱ्या अंगावर ओझं टाकलं की ते मोकळं होतं, अशी आमच्या बाजारातली समजूत. पाठ धरली की हमाल आणखी दोन पोती जास्त घेतो. तसंच मी केलं. रोज दुखऱ्या खांद्यानं जोर काढले. आणि ताकद कमी पडतेय म्हणून खुराक वाढवला. सकाळी तांब्याभर दूध, त्यात गुळाचा मोठा खडा, मूठभर खजूर, वर चार केळी. दुपारी पुन्हा तेच. खांदा आखडत गेला. सदऱ्यात हात घालता येईना, पाठ घासता येईना. तहान सारखी लागायची, वजन उतरत चाललं होतं, पाय मुंग्या आल्यासारखे व्हायचे. मला वाटायचं, व्यायामानं अंग रेखीव होतंय. बायको म्हणायची, "अवो, आरशात बघा जरा. रेखीव न्हाई, वाळल्याली काकडी दिसताय." मी तिच्याशी दोन दिवस बोललो नाही.

माघ लागला तेव्हा हात खांद्याच्या वर जाईनासा झाला. तेव्हा मात्र मी आतून घाबरलो. जयंतीला दोन महिने उरले होते. दगडू एकदा घरी चहाला आला आणि कपाकडं बघत हळूच म्हणाला, "यंदा माळ मी घालू का?" मी त्याला म्हणालो, "माझं मढं उठल्यावर घाल." तो चहा अर्धा टाकून गेला. त्या रात्री अंथरुणावर मी पहिल्यांदा देवाला भांडून विचारलं की बाबा, तुला मी नको असलो तर तसं सांग तरी.

पुढचाच शनिवार. देवळात सकाळची वेळ, फार माणसं नव्हती. आमच्याकडं तेल मूर्तीच्या खांद्यावरून सोडतात. मी पळीत तेल घेतलं, डाव्या हातानं उजव्याचं कोपर ढकलत वर नेलं, आणि निम्म्यात खांद्यातून अशी कळ आली की पळी कलंडली. सगळं तेल माझ्या बाहीतून काखेत, तिथून बरगडीवरून धोतरात. मागून कुणीतरी खळखळून हसलं.

"ओ दादा, तेल देवाला घालताव का सोताला?"

वळून बघितलं तर एक आगरी बाई. साठीच्या पुढची, नऊवारी घट्ट नेसलेली, हातात तेलाची बाटली. मला भयंकर राग आला. पण बाई हसायची थांबली, पुढं आली आणि माझ्या हाताकडं डॉक्टरनं बघावं तसं बघत म्हणाली, "खांदा धरलाय ना? माजा पन असाच धरलेला. वरीसभर सोताची येनी घालता नाय आली. सून घालायची, नि खेचायची अशी, जसा काय सूड घेते."

मी म्हणालो, "मार लागलाय. व्यायामानं सुटंल."

"व्यायामानं?" ती म्हणाली. "रगत तपासलं का? तहान लागते? वजन उतारलाय?"

हिला कसं कळलं? घरच्या माणसाशिवाय हे कुणाला माहीत नव्हतं.

"मंग साखर हाय तुमाला. माजी पन होती. डाक्टरीन बोलली, साखर असली का खांदा असा गोठतो. पयली साखर बघा, मंग देवाला तेल घाला. आनि ह्यो बगा." तिनं देवळाच्या भिंतीला बोटं टेकवली आणि कोळी चढावा तशी ती एकेक पुढं टाकत वर नेली, पार डोक्याच्या वर. "रोज असा. जोर नाय लावायचा. हात आपल्याआपन जाईल तितका जाऊ द्यायचा. तुमी जोर लावनारं दिसताव, म्हनून सांगतंय."

मग तिनं माझ्या हातातली पळी घेतली, माझ्या बाटलीतलं तेल भरलं, मारुतीच्या खांद्यावर सोडलं आणि म्हणाली, "ह्यो तुमचा झाला." नंतर स्वतःचं घातलं. नाव विचारायचं मला सुचलं नाही. जाताना तिनंच सांगितलं की ती जासईची, घणसोलीला लेकीकडं निघाली होती. रस्त्यात गाड्या तुंबल्या, बस हलेना, म्हणून अलीकडंच उतरून चालत निघाली, आणि शनिवारचं देऊळ दिसलं म्हणून आत आली. इतकंच. मी यावर काही वाद घालत नाही. गाड्या रोजच तुंबतात.

दुसऱ्या दिवशी मी स्वतःहून बायकोला म्हणालो, "चल दवाखान्यात." तिला वाटलं, मला काहीतरी मोठं झालं. रक्त तपासलं. डॉक्टर कागदाकडं बघत राहिला, मग माझ्याकडं. म्हणाला, "आजोबा, तुम्ही चालत आलात?" आणखी थोडे दिवस असाच गूळ-खजूर चालू राहिला असता तर घरातच आडवा झालो असतो, असं त्यानं बायकोसमोर सांगितलं. ती रडली आणि रडता रडता मला दोन शिव्या घातल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी तिच्या शिव्यांना उत्तर दिलं नाही.

गोळ्या सुरू झाल्या, केळी बंद, गूळ बंद, आणि व्यायाम शिकवणाऱ्या मॅडमकडं रोज जाणं सुरू झालं. पोरगी माझ्या नातीएवढी. तिनंही पहिल्या दिवशी भिंतीवर बोटंच चालवायला लावली, अगदी त्या बाईसारखी. तीन आठवड्यांनी तिनं हातात वजन दिलं. एक किलोचं, गुलाबी रंगाचं. मी म्हणालो, "मॅडम, मी पाठीवर क्विंटल वाहिलाय." ती म्हणाली, "माहीत आहे आजोबा, म्हणूनच एक किलो." मी ते गुलाबी वजन उचललं आणि ते छातीच्या वर जाईना. घरी येऊन स्वयंपाकघराच्या भिंतीवर रोज बोटं चढवायचो, आणि जिथं पोचतील तिथं बायको पेन्सिलीनं रेघ मारायची. कधी रेघ वर जायची, कधी कालच्या खालीच राहायची. खाली राहिली की पूर्वी मी दात-ओठ खाऊन हात ढकलला असता. पण देवळातल्या त्या बाईचं बोलणं आठवायचं, जोर नाय लावायचा. मग मी हात सोडून द्यायचो. अंग परत भरायला लागलं, रात्रीची झोप लागायला लागली. एक दिवस सदरा मी एकट्यानं घातला आणि घरभर हिंडलो. सूनबाई म्हणाली, "बाबा, नवा आहे का?" म्हटलं, "जुनाच आहे, हात नवा आहे."

चैत्री पौर्णिमा आली. हात कानाच्या वर गेला होता, पण कोपर सरळ होत नव्हतं. रेघेवरून मला कळत होतं की वीतभर कमी पडणार आहे. कुणाला बोललो नाही. पहाटे अंघोळ करून गेलो. टोळीतले सगळे म्हातारे, त्यांच्या बायका, पोरंबाळं, देऊळ भरलेलं. तांबडं फुटलं, पाळणा म्हणून झाला, घंटा सुरू झाल्या आणि दगडूनं माळ माझ्या हातात दिली. चहा टाकून गेल्यापासून तो माझ्याशी बोलला नव्हता, तरी माळ त्यानंच आणली होती, पहाटे स्वतः पानं तोडून.

मी माळ वर नेली. छातीपर्यंत, हनुवटीपर्यंत, मुकुटाच्या काठाला माळ टेकली आणि हात थांबला. घंटा वाजतायत, सगळे बघतायत, आणि माळ हवेत. कितीतरी महिन्यांनी मी मान वर करून त्याच्या तोंडाकडं बघितलं. आणि देवाची शपथ, मला हसू आलं. तोंडातून शब्द निघून गेले ते बाजारातलेच. "दगडू, हात लाव रं!"

दगडू एका ढांगेत आला. त्यानं माझ्या कोपराखाली दोन्ही हात दिले आणि सवयीनंच ओरडला, "घे!" माळ मुकुटावरून सर्रकन उतरली. देवळात एकच हशा आणि जयजयकार झाला. दगडू रडत होता, मी हसत होतो, आणि दोघांच्या डोक्यावर गुलाल पडत होता.

तेव्हापासून मी एक गोष्ट मनाशी घोळवतो आहे. हमाल पोतं वाहतो खरा, पण एकट्यानं ते कधी पाठीवर घेत नाही. दोघंजण दोन्ही कडा धरून ते चढवून देतात, मग तो चालतो. मी हजारो पोती वाहिली आणि त्यातलं एकसुद्धा स्वतः उचललेलं नव्हतं. पोत्यांच्या थप्पीपुढं वाकून "हात लाव" म्हणायला मला कधी लाज वाटली नाही. देवापुढंच तेवढी वाटत होती. त्यानं माझा खांदा काढून घेतला नाही. मी कधीच एकटा उचलत नव्हतो, एवढंच त्यानं मला सांगितलं, आणि सांगायला ज्यांना पाठवायचं त्यांना पाठवलं. माझा नमस्कार त्या बाईला, त्या मॅडमला, दगडूला, माझ्या मंडळींना, आणि सगळ्यांच्या मागं उभा राहून वजन तोलून धरणाऱ्या त्या एकाला.