गोड्या बावीचं पाणी आणि पिवळ्या खोक्यातला पंप

माझ्या आईचं एक ठरलेलं वाक्य होतं, "गाडी तापायच्या आधी हाच तापतो." खोटं नव्हतं ते. गाडी जुनी होती, तिसऱ्या हातातून माझ्याकडे आलेली. तरी खाडीकाठच्या आमच्या गावात चारचाकी असलेलं घर त्या वेळी आमचं एकटंच, त्यामुळे गाडीला कोणी नावं ठेवली की माझं डोकं फिरायचं.

त्या वर्षी वैशाखात रोह्याहून निरोप आला. रोह्याजवळच्या वरश्याला माझी मावशी असायची, आईची थोरली बहीण. ती अंथरुणाला खिळली होती. तिच्या मुलानं शेजारच्यांच्या फोनवर सांगितलं, "आईनं खाणं सोडलंय. मावशीला घेऊन ये. आणि येताना गोड्या बावीचं पाणी आण, दोन दिवस तेच मागते."

गोडी बाव म्हणजे आमच्या गावची विहीर. आईचं माहेरही गावातलंच, दोघी बहिणी तिच्याच पाण्यावर वाढल्या. आई घरी आली आणि पाण्याचा कॅन घासायला बसली. मोडलेलं खुब्याचं हाड जुळून वर्ष झालं होतं, पण एसटीची पायरी तिला चढवत नव्हती. म्हणजे जायचं तर चारचाकीनंच. आणि गाडी पेणला मिस्त्रीकडे उघडून पडली होती.

मिस्त्रीनं इंजिनात पाणी फिरवणारा वॉटर पंप काढून माझ्यापुढे धरला. आतल्या पंख्याची पाती कुरतडल्यासारखी झाली होती, कडेला पांढरा थर. त्यानं तो थर नखानं खरवडला, जिभेला लावला आणि थुंकला.

"खारट हाय. कुठलं पाणी घालता?"

"गोड्या बावीचं."

"नाव गोडं असंल. पाणी नाय."

मी उसळलो. आमच्या बावीचं तू मला शिकवणार? पण मनात चरकलो. नळ आल्यापासून, म्हणजे माझ्या लहानपणापासून, त्या बावीचं पाणी तोंडात कोण घेत होतं? धुण्याला, गुरांना आणि माझ्या रेडिएटरला, एवढंच. मध्ये एका उधाणाला खाडीचा बांध फुटला होता, तेव्हाच पाणी नासलं असणार, असं मी ठरवून टाकलं. आईला सांगायचं नाही हेही ठरवलं.

स्पेअरच्या दुकानात मिस्त्री माझ्यासोबत आला. मालकानं पिवळ्या खोक्यातला एक पंप काउंटरवर ठेवला. लोकल माल. मिस्त्रीनं तो हातात तोलला, दांडा बोटानं फिरवला, कानाशी नेला, मान हलवली.

"वजनच नाय याला. पाती पत्र्याची, सील कसलं ते देव जाणे. ओतीव बिडाच्या पात्याचा घ्या."

"तो पनवेलहून मागवावा लागेल," मालक म्हणाला. "परवा येईल."

"परवा?" मी ओरडलोच. "तिकडे माणूस जायला टेकलंय!"

"मग आज जीप करून जावा," मिस्त्री शांतपणे म्हणाला. "परवा गाडी घेऊन जावा. पण ह्यो पंप नको. चढाला दगा देईल."

सरळ होतं त्याचं म्हणणं. आईही सकाळी तेच म्हणाली होती, कोणाची तरी जीप कर. पण घरात गाडी असताना भाड्याच्या जीपनं जायचं? वरश्यात काय तोंड दाखवू? हे मी बोललो नाही. बोललो ते एवढंच, "बसव हाच." मिस्त्रीनं बसवला. हात पुसताना पुटपुटला, "तापट माणसानं स्पेअर घेऊ नये."

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. आई मागच्या सीटवर, मांडीवर पाण्याचा कॅन. खाली ठेव म्हटलं तर म्हणे, "सांडंल." वडखळ गेलं, नागोठणं गेलं, तापमानाचा काटा मधोमध. मी शीळ घालायला लागलो. बघितलंस ना, म्हणून आईला हिणवलंसुद्धा.

भिसे खिंडीचा चढ लागला आणि काटा वर सरकायला लागला. दुसऱ्या वळणावर बॉनेटमधून वाफ आली. उतरून खाली वाकलो तर पंपाच्या खालच्या भोकातून धार. पाणी अडवणारं नवं कोरं सील गेलं होतं. ऊन रणरणत होतं, जवळपास पाण्याचा टिपूस नाही. अर्धा तास इंजिन निवण्याची वाट बघत मी दुकानदाराला, पंपाला, खिंडीला शिव्या घालत होतो. स्वतःला सोडून सगळ्यांना.

मग माझी नजर कॅनवर गेली.

"नको रे," आई म्हणाली. "तिनं मागितलंय."

"पोचलोच नाही तर पाणी कोणाला पाजणार?"

खाली जाणाऱ्या ट्रकाला हात केला असता तर तासाभरात नागोठण्याहून पाणी आलं असतं. मी थांबलो नाही. आणि मनात म्हटलं, खारंच तर आहे, मावशीच्या तोंडात जाण्यापेक्षा रेडिएटरमध्ये गेलेलं बरं. मी कॅन घेतला. आईनं घट्ट धरला नव्हता. सगळा ओतला. गळत गळत खिंड चढलो, पलीकडे उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडली आणि वरश्याला पोचलो.

मावशी जिवंत होती. चिपाडासारखी झाली होती, पण डोळे लख्ख. आईचा हात धरून पहिलं विचारलं ते, "पाणी आणलंस गो?"

मी आत जाऊन नळाचं पाणी पेल्यात भरून आणलं. आईनं माझ्याकडे पाहिलं आणि चमच्यानं पाजलं. मावशीनं घोट तोंडात घोळवला. मला वाटलं, आता म्हणेल गोडं आहे, संपलं.

"हे बावीचं नाय."

"बावीचंच हाय, बाय."

"नाय गो. आपलं जरा मचूळ लागायचं. पयल्यापासून." ती हसली. "आजूबाजूला सगळंच खारं, म्हणून तिला गोडी म्हणायचे. ईसरलीस?"

बांध फुटण्याशी खारेपणाचा काही संबंध नव्हता. बाव तशीच होती, मावशीला हवी होती तशीच. आई एकदम म्हणाली, "व्हय गो, घाईत नळाचं भरलं. पुढच्या खेपेला आणते."

आम्ही दुसऱ्या दिवशी परतलो, भाड्याच्या जीपनं. गाडी मागाहून ओढून आणली. मिस्त्रीनं मागवूनच ठेवलेला पनवेलचा पंप सांगितल्याप्रमाणे त्याच दिवशी आला, त्यानं तो बसवला. त्या दिवशी आई म्हणाली, "आता जाऊ या का?" मी म्हटलं, रविवारी जाऊ, सुट्टी आहे.

शनिवारी फोन आला.

आम्ही गेलो. तशाच उन्हात, त्याच चढाला, काटा मधोमध राहिला, तसूभर हलला नाही. आई मागे बसली होती आणि बावीचं पाणी भरलेला कॅन तिच्या मांडीवर होता. मी तिला खाली ठेव म्हटलं नाही.