कृष्णकांत प्रधानांचं कुंपण

कृष्णकांत प्रधान बँकेत होते तेव्हा जेवणाचा डबासुद्धा कुलपात ठेवायचे. निवृत्त झाल्यावर, ब्याण्णव साली, त्यांनी कर्नाळ्याच्या वाटेवर नेमकी माझ्या शेजारची जागा घेतली. स्वतःचं जंगल हवं म्हणून साग, शिवण, आवळा, बहावा अशी सगळी झाडं एकत्र लावली. मग सुरू झाला संशय. शेंडा वाळला की मी मिठाचं पाणी ओतलं. पान कुरतडलं की माझी शेळी. अहो, माझ्याकडे शेळी कधीच नव्हती!

शेवटी माझी नजर नको म्हणून त्यांनी चारी बाजूंनी दाट सुबाभूळ लावली. तीन पावसाळ्यांत ती दोन पुरुष उंच झाली. आत मात्र आवळा खुरटला, बहावा फुललाच नाही आणि साग काठीसारखे बारीक होऊन माझ्या हद्दीकडे कलले. तिथली एक सुबाभूळ मेल्यामुळे कुंपणाला फट पडली होती.

"काय टाकता हो तुमच्या बाजूला?" कृष्णकांत माझ्यावर खेकसले. "माझी झाडं फितवलीत तुम्ही!"

मी तोंड उघडण्याआधीच त्यांच्या पत्नी सुमतीबाई म्हणाल्या, "अहो, ऊन तेवढ्या फटीतूनच येतंय. बाकीचं तुमच्या कुंपणानं खाल्लं."

कृष्णकांतांनी त्या फटीत हात घालून ऊन तपासलं. मला वाटलं, आता कुऱ्हाड आणतील.

दुसऱ्या दिवशी ते आले सुबाभळीचं रोप घेऊन. फटीत लावलं, पायानं माती दाबली आणि मला म्हणाले, "हे मेलं, तर माझ्याशी गाठ आहे."