शुक्रवारची किक

उमरखेडच्या पोस्टातल्या शीला मुळावकरांना अख्खं गाव दोन गोष्टींसाठी ओळखायचं. रजिस्टरच्या खिडकीवर त्या कुणाची गय करत नसत, आणि त्या ‘लिहायच्या’. गावातल्या साप्ताहिकात दर मंगळवारी त्यांचं सदर यायचं. बसस्टँडवर रुमाल टाकून कुणी जागा धरली, भाजीबाजारात वांग्यांवरून कुणाची जुंपली, नव्या झेरॉक्सवाल्यानं पाटीवर किती देव बसवले, सगळं त्यात. लोक खिडकीशी येऊन विचारत, “बाई, या खेपी कोणाची उतरवली?” शीलाताईंना ते मनापासून आवडायचं. आपण चांगलं लिहितो याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती.

शंका होती ती पुण्याच्या एका संपादकांना. त्यांच्या दिवाळी अंकासाठी शीलाताईंनी तीनदा लेख पाठवला आणि तिन्ही वेळा तो साभार परत आला. पोस्टातल्या लेखकाचं दुखणं असं, की परत आलेलं पाकीट त्याच्याच ऑफिसात थैलीतून बाहेर पडतं. पोस्टमन पूनमसिंग ते वर धरून विचारायचा, “मॅडम, घरी आणून टाकू का इथंच घेता?” सगळे हसत. शीलाताईही हसत, पण आतून झोंबायचंच.

लिहिलेलं पारखायची त्यांची एक रीत होती. छापायला देण्याआधी, सोमवारी सकाळी, त्या निजामुद्दीनच्या गॅरेजात जात. त्यांची लूना पंधरा वर्षं त्याच्याच हाताखाली तग धरून होती. निजामभाई मराठी झकास बोलत, वाचत मात्र उर्दू. शीलाताई स्टुलावर बसून वाचत आणि निजामभाई पाना फिरवत ऐकत. पाना थांबला, तर ते वाक्य राहिलं. नाही थांबला, तर शीलाताई तिथल्या तिथं खोडून टाकत. वाहवा वगैरे भानगड नव्हती.

२००६ साली कापूसवाल्या शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी जिल्ह्याचं नाव पार दिल्लीपर्यंत नेलं. लॉजवर टीव्हीवाले उतरले. आणि एके दिवशी पुण्याहून खुद्द संपादकांचा फोन आला. “तुमच्याकडे सध्या विषयांना तोटा नाही. आठ दिवसांत लेख द्या. वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं पाहिजे.”

शीलाताई हरखून गेल्या. तीन पहाटे बसून त्यांनी लिहिलं. अंधारं घर, विझलेली चूल, कोपऱ्यात बसलेली बाई. खरं सांगायचं तर असल्या एकाही घरात त्या गेल्या नव्हत्या. पण लेखणी सुसाट सुटली होती आणि तिला आवरायची त्यांची इच्छाही नव्हती. सोमवारपर्यंत दम कुठला, शुक्रवारीच गॅरेज गाठलं.

सगळा लेख वाचून झाला. पाना एकदाही थांबला नाही.

“निजामभाई, कानात ग्रीस गेलं का तुमच्या?”

“कान बराबर हाय बाई. हे तं टीव्हीवाले रोज दाखवून राह्यले. तुमी कवा गेलत्या त्या घरी?”

शीलाताईंचा चेहरा उतरला. तावातावानं त्या कागद पिशवीत कोंबू लागल्या. तेवढ्यात निजामभाईंनी हात पुसले, पेट्रोलची बाटली घेतली आणि भिंतीला लावलेल्या गाड्यांकडे गेले. एकूण अकरा गाड्या. स्टूल ठेवायला जागा उरत नाही म्हणून शीलाताई त्यांच्या नावानं नेहमी खडे फोडत. निजामभाईंनी पहिल्या गाडीत घोटभर पेट्रोल टाकलं, किक मारली, थोडा वेळ चालू ठेवली, बंद केली. मग दुसरी, मग तिसरी.

“हे भंगार कायले चालू करून राह्यले?”

“भंगार नाही बाई. दुरुस्तीले टाकून गेले लोक. कापूस झाला का पैसे देऊन नेतो म्हणे. दोन सालं झाले, कोणी आलं नाही. बाजारात मी दिसलो तं माणूस गल्ली बदलते. उभी राह्यली तं इंजन जाम होते ना. म्हणून दर जुम्म्याले नमाजच्या आंधी एक-एक किक. मालक येईन तवा चालू भेटली पायजे.”

अकराव्या गाडीच्या हँडलला एक निळी रिबीन बांधलेली होती. शीलाताई तिच्याकडे बघत राहिल्या. दोन वर्षं आपण याच गाड्यांकडे पाठ करून गावाच्या गमती वाचत बसलो, याची त्यांना भयंकर लाज वाटली.

जुना लेख त्यांनी फाडला. सोमवारी नवा घेऊन आल्या. पहिल्याच वाक्याला पाना थांबला तो शेवटपर्यंत हलला नाही.

“गाडीचे नंबर काढा,” निजामभाई हळूच म्हणाले. “गावाचे नावं बी. माणसाले शरम नोका आणू.”

शीलाताईंनी दोन्ही काढलं. रिबीन मात्र त्यांच्यातल्या लेखिकेला सोडवेना.

संपादकांचा फोन आला. “लिहिलंय छान. पण यात मरण कुठे आहे? निदान एखाद्या मालकानं जिवाचं बरंवाईट करून घेतलं, असं टाका की.”

“ते सगळे जिवंत आहेत, साहेब,” शीलाताई म्हणाल्या. “नको असेल तर परत पाठवा. पाकीट मीच सोडवून घेईन.”

चौथं पाकीट त्यांनी पूनमसिंगच्या आधी स्वतः थैलीतून उचललं. या वेळी झोंबलं नाही. लेख पुढच्या मंगळवारी साप्ताहिकात छापून आला.

शुक्रवारी अंक द्यायला त्या गॅरेजात गेल्या, तर दारात एक अनोळखी माणूस उभा. हातात घडी घातलेलं साप्ताहिक. ढाणकीकडचा देवराव, असं निजामभाईंनी सांगितलं. देवराव त्या रिबिनीकडे बघत होता. शीलाताईंनी हातातला अंक पिशवीत सारला. एका रिबिनीच्या मोहापायी आपण या माणसाला गावासमोर उघडं पाडलं, आणि निजामभाईंनी दोन वर्षं राखलेली त्याची अब्रू घालवली.

“तुमीच काय लिहिणाऱ्या बाई?”

“हो. माझं चुकलं. रिबीन लिहायला नको होती.”

“माह्या पोरीनं बांधली ते. तिनंच वाचून दाखोलं. म्हणे, बाबा, आपली गाडी अजून चालू हाय.” तो निजामभाईंकडे वळला. “न्याले नाही आलो, भाई. अजून नाही जमत. किक माराले आलो.”

निजामभाईंनी पेट्रोलची बाटली त्याच्या हातात दिली. तिसऱ्या किकला गाडी सुरू झाली. देवरावनं ती थोडा वेळ चालू ठेवली, मग बंद करून तो शेजारच्या गाडीपाशी गेला.

“हे कोणाची हाय?”

“असंन कोणाची तरी,” निजामभाई म्हणाले. “मार किक.”